नातं : रूम पार्टनर

कॉट नंबर ३ | ९ मार्च, रात्री १:१८

इथे चार वर्षं नुसता वाचतोय. पाककृती आणि भांडणं, दोन्ही. लिहायचा हा पहिलाच धागा, तोही नव्या आयडीने. सांभाळून घ्या.

वय २१, गाव बार्शी. पुण्यात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजचं नाव विचारू नका. कॉट बेसिसवर राहतो. खोलीत चार कॉट, त्यातल्या दोन सध्या रिकाम्या. तिसरीवर मी, चौथीवर तो.

तो औशाकडचा. वडील भजनी मंडळात, त्यामुळे हा लहानपणापासून पखवाज वाजवतो. पखवाज गावी राहिला, पण हात काही गप्प बसत नाहीत. टेबल, डबा, माझी पाठ, सापडेल त्यावर बोल चालू. पहिल्या वर्षी मला वैताग यायचा. व्हायवाच्या आदल्या रात्री मी ओरडलो तर म्हणाला, "बरं बाबा, मनात वाजवतो." आणि खरंच मनात वाजवत बसला, नुसती मान हलत होती. माझं काम बहुतेक तिथेच झालं. बोलायला मात्र दीड वर्ष लागलं. दिवाळीच्या सुट्टीला निघताना एसटी स्टँडवर बोललो. त्याची गाडी सुटत होती, कंडक्टरने डबल बेल दिली, मी खिडकीतून सांगितलं आणि पळालो. तीन दिवस काही नाही. चौथ्या दिवशी ४० सेकंदांचा ऑडिओ आला, नुसता पखवाज. शेवटी एवढंच, "कळलं का?"

कळलं होतं.

आता मुद्द्याचं. वर्गात त्याला 'वहिनी' म्हणतात. तो जरा हळू बोलतो, हात हलवून बोलतो, एवढंच निमित्त. त्याच्या फोटोला कुंकू लावून कोणीतरी स्टिकर केलाय. सबमिशनची तारीख त्याने विचारली तरी उत्तर म्हणून तोच स्टिकर येतो. आमचं खरं काय ते कोणालाच माहीत नाही, तरी हे चालू आहे. फेब्रुवारीत गॅदरिंग झालं आणि त्यात फिशपाँड. स्टेजवरून वाचलं गेलं, "घरी हवी होती सून, पार्टनरलाच आणलं करून." नाव घेतलं नाही, पण अख्खा हॉल मागे वळून आमच्याकडे बघत होता. पहिल्या रांगेत सर हसत होते. तोही हसला. टाळ्यासुद्धा वाजवल्या त्याने.

त्यानंतर टेबल गप्प झालं. मला ते लक्षात यायला दहा दिवस लागले, याची लाज वाटते. लक्षात आलं ते मेसमुळे. मेसच्या वहीत खाडे मीच लिहितो. फेब्रुवारीत त्याचे ११ खाडे, मार्चच्या आठ दिवसांत ६. मेसवाल्या काकू म्हणाल्या, "पार्टनर गावाला गेला का रे तुझा?" गावाला कुठला, खोलीतच होता. पहाटे साडेतीनला उठून भिंतीला टेकून बसतो. विचारलं तर म्हणतो, "काय नाय, उगं डोकं दुखायलंय." परवा रात्री म्हणाला, मी नसतो तर तुझं सगळं सोपं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी त्याला मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं. तिथे फॉर्म होता. सोबत आलेल्याचं नाव, रुग्णाशी नाते. मी 'रूम पार्टनर' लिहिलं. पुण्यात सगळेच लिहितात. काउंटरवरच्या ताईंनी वाचलं आणि म्हणाल्या, "बरं, पण घरचं कोणी?"

गोळ्या चालू झाल्यात, दोन दिवस झाले, काही फरक नाही. घरी सांगायचं नाही अशी त्याने शपथ घातलीय. गोळ्यांचं, कॉलेजचं, घरचं, कशाचंही काहीही माहीत असेल तर सांगा. आणि उद्या काही झालंच तर मी त्याचा कोण, हेही कोणीतरी सांगा.

मोगरा | ९ मार्च, सकाळी ७:०५

आधी हे सांग, तू जेवतोयस का? त्याचे खाडे मोजलेस, स्वतःचे मोजलेस?

माझा मुलगा १९ वर्षांचा आहे. रात्रीचा तुझा धागा वाचून उठून त्याच्या खोलीत डोकावून आले. खरं सांगते बाळा, उद्या त्याने मला असं काही सांगितलं तर मी पहिल्या दिवशी चुकीचंच बोलेन. रडेन, "लोक काय म्हणतील"सुद्धा म्हणेन. आठवड्याने शहाणी होईन, पण तो आठवडा सोसायची ताकद पोरात असायला हवी. तुझ्या मित्राच्या अंगात ती आत्ता नाही. म्हणून आजाराचं घरी सांगा, प्रेमाचं थांबू दे. दोन्ही एकाच फोनवर सांगायची गरज नाही.

आणि ताट भरून पुढे ठेवू नकोस. मऊ भात, तूप, मीठ, चार घास. आजारी माणसाला भरलं ताट बघूनच दमायला होतं.

सडेतोड | ९ मार्च, सकाळी ९:४०

स्पष्ट बोलतो, राग नसावा. चिडवाचिडवी आमच्या वेळीही होती. मला चार वर्षं 'बोंबील' म्हणायचे. आम्ही कोणी डिप्रेशनमध्ये गेलो नाही. आईवडील पोटाला चिमटा काढून पैसे पाठवतात ते शिकायला. हे नवीन फॅड मोबाइलमुळे आलंय. अभ्यासात लक्ष घाला, सकाळी पळायला जा, आपोआप बरं वाटेल.

कोकणकडा | ९ मार्च, सकाळी ९:५२

आला बोंबील!

शुभेच्छुक | ९ मार्च, सकाळी १०:१५

कोणाला दुखवायचं नाही, पण आमच्या ओळखीत एक डॉक्टर आहेत, ते हार्मोनच्या तपासण्या करून आणि समुपदेशन करून ही सवय सोडवतात. हवा असेल तर नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

पोस्टबॉक्स | ९ मार्च, दुपारी १२:३०

सडेतोड, तुमच्या वेळचं मी सांगतो, कारण मीही त्याच वेळचा. वय ५२, मुक्काम डोंबिवली.

तुमच्या वेळी कोणी गेलं नाही असं तुम्हाला वाटतं, कारण पेपरात दोन ओळींची बातमी यायची, 'पोटदुखीला कंटाळून'. केवढी पोटदुखी होती त्या काळी महाराष्ट्रात! कधी विचार केलात, की अठरा-वीस वर्षांच्या पोरांची पोटं एवढी का दुखत होती?

आणि फॅडचं म्हणाल तर १८६० च्या दंडविधानात इंग्रजांना समलिंगी संबंधांसाठी ३७७ वं कलम घालावं लागलं होतं. तेव्हा मोबाइल नव्हते.

मी २१ वर्षांचा होतो १९९४ मध्ये. अशोक राव कवींनी १९९० मध्ये 'बॉम्बे दोस्त' हे समलिंगी लोकांचं नियतकालिक काढलं होतं. मी त्याचा एक अंक वर्तमानपत्राच्या कव्हरात घालून, वरती 'अप्लाइड मेकॅनिक्स' लिहून ठेवला होता. आईने तो रद्दीत घातला, कारण परीक्षा झाली होती. त्या रद्दीवाल्याकडे मी तीन चकरा मारल्या. हे आता हसून सांगतोय.

माझाही एक होता. सकाळची ७:५० ची लोकल, मागून तिसरा डबा. सहा वर्षं. घरच्यांनी त्याचं लग्न लावलं, तोही हो म्हणाला, मीही त्याला हो म्हण म्हणालो. माझ्या आयुष्यातलं सर्वांत वाईट वाक्य ते. लग्नाला गेलो, जेवणाच्या पंगतीत वाढायला होतो. नंतर तो हळूहळू विझत गेला. कोणी त्याला आजार म्हटलं नाही. 'संसारात लक्ष नाही' म्हणाले. चार वर्षांनी तो गेला. तेराव्याला मी दाराशी बसलो होतो. त्याच्या मामांनी विचारलं, आपण कोण? मी म्हणालो, ऑफिसातला. आम्ही एका ऑफिसात कधीच नव्हतो.

२ जुलै २००९ ला दिल्ली उच्च न्यायालयाचा निकाल आला, की हा गुन्हा नाही, तेव्हा मी पेढे घेतले आणि वाटायला कोणी नव्हतं म्हणून स्वतःच खाल्ले. ११ डिसेंबर २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. ६ सप्टेंबर २०१८ ला ३७७ चा हा भाग गेला, त्या दिवशी ऑफिसात एका पोराने टेबलावर छोटा सप्तरंगी झेंडा ठेवला आणि मी प्रसाधनगृहात जाऊन नळ सोडून रडलो. १७ ऑक्टोबर २०२३ ला लग्नाचा हक्क नाकारला. म्हणजे आता तुम्ही दोघं गुन्हेगार नाही आणि कायद्याला ठाऊक असलेलं नातंही नाही. तो फॉर्ममधला रकाना मी ओळखतो रे. पण तू 'रूम पार्टनर' लिहिलंस ते खोटं नाही. माझं 'ऑफिसातला' खोटं होतं.

संपादक | ९ मार्च, दुपारी १:१०

एक प्रतिसाद काढला आहे. कृपया धागाकर्त्याचं कॉलेज, मेस, गल्ली ओळखायचा प्रयत्न करू नये. व्यनिमधूनही नाही.

साधी गोळी | ९ मार्च, रात्री १०:४५

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे, मराठवाड्यात प्रॅक्टिस करतो. पेशंट बघितल्याशिवाय निदान करत नाही, म्हणून सर्वसाधारण बोलतो.

शुभेच्छुक, तो नंबर कोणालाही देऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेने १७ मे १९९० ला समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. आपल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये लैंगिक कल 'बदलण्याचे' तथाकथित उपचार करणं हे डॉक्टरचं गैरवर्तन ठरवलं आहे. जो आजारच नाही तो बरा करायला निघालेल्यांनी घडवलेले आजार आम्ही नंतर निस्तरत बसतो.

कॉट नंबर ३, गोळ्यांबद्दल. बहुतेक नैराश्यविरोधी गोळ्यांचा परिणाम जाणवायला दोन ते चार आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात मळमळ, अस्वस्थता होऊ शकते. म्हणजे त्रास आधी, आराम नंतर. नेमकं इथेच लोक गोळी सोडतात. पंचविशीच्या आतल्या मुलांमध्ये सुरुवातीच्या काही आठवड्यांत मरणाचे विचार वाढूही शकतात, म्हणून या काळात लक्ष जास्त हवं. बेचैनी वाढली, झोप पूर्ण उडाली, तर पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना फोन. स्वतःच्या मनाने बंद करायची नाही, डोस वाढवायचाही नाही. गोळ्या तुझ्याकडे ठेव, एका वेळी थोड्याच आण.

"मी नसतो तर" हे वाक्य तो बोलला, तेव्हा तू काय म्हणालास माहीत नाही. आता त्याला सरळ विचार, जीव द्यायचा विचार येतो का? विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट बहुतेकांना सुटल्यासारखं होतं, की कोणीतरी विचारलं एकदाचं. हो म्हणाला तर त्याला एकटं सोडू नको आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे ने. रात्री-अपरात्री १४४१६ लाव, टेली-मानस. सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. पोलीस केसची भीती धरू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या ११५ व्या कलमाने जीव द्यायचा प्रयत्न करणारा माणूस प्रचंड तणावाखाली होता असंच धरायचं असतं.

आता तुझा शेवटचा प्रश्न. त्याच कायद्यात १४ वं कलम आहे, नामनिर्देशित प्रतिनिधी. कोणत्याही सज्ञान माणसाला आपल्या मानसिक उपचारांसाठी आपला माणूस नेमता येतो. तो नातेवाईकच हवा असं नाही. साध्या कागदावर, सही किंवा अंगठा. तुझी संमती हवी आणि तो केव्हाही बदलू शकतो. उपचारांच्या निर्णयात त्याला मदत करायचा, माहिती मिळवायचा हक्क तुला त्यातून येतो. कागद नसेल तर आधी नातेवाईक, मग काळजी घेणारा. मालमत्ता, वारसा यांच्याशी याचा काही संबंध नाही. पण काउंटरवरच्या ताईंना दाखवायला हा कागद पुरतो.

गोदाकाठ | १० मार्च, सकाळी ८:२०

वाचतेय. साध्या कागदाचं मला नवीन. बावीस वर्षं एकत्र राहतो आम्ही दोघी, 'मावसबहिणी' म्हणून. आज करून टाकतो.

खडू-डस्टर | १० मार्च, रात्री ११:३०

दिवसभर लिहू की नको करत होतो.

मी प्राध्यापक. पुण्यातला नाही, तुझ्या कॉलेजचा नाही. पण आमच्याकडे नऊ वर्षं फिशपाँडचा डबा माझ्याकडे असायचा. चिठ्ठ्या आधी चाळायच्या असतात. जातीवरच्या फाडायचो. मुलींच्या अंगावरच्या फाडायचो, त्याचा मला अभिमान होता. 'बायल्या', 'वहिनी' ठेवायचो, कारण त्यावर हॉल हमखास उसळतो. एका वर्षी एक मुलगा, ज्याच्यावर तीन फिशपाँड पडले, पुढच्या सेमिस्टरला आलाच नाही. कार्यालयात नोंद झाली, 'वैयक्तिक कारण'. मी दोनदा त्याच्या नावापुढे गैरहजेरी मांडली आणि तिसऱ्यांदा नाव खोडलं. पहिल्या रांगेत हसणारे ते सर मीच आहे असं समज.

उपयोगाचं सांगतो. यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, रॅगिंगविरोधी नियम २००९ चे. २०१६ च्या दुरुस्तीत लैंगिक कल हा शब्द त्यात आला आहे. लैंगिक कल, लिंगभाव, दिसणं यांवरून केलेला शारीरिक किंवा मानसिक छळ, वाळीत टाकणंसुद्धा, रॅगिंगमध्ये मोडतं. सीनियरनेच करायला हवं असं नाही, वर्गमित्रांनी केलं तरी तेच. हेल्पलाइन १८००-१८०-५५२२. स्टिकरचे स्क्रीनशॉट तारखेसकट ठेव. तक्रारीत 'मी अमुक आहे' असं एक अक्षर लिहायचं नाही. अमुक दिवशी, अमुक ठिकाणी, हे शब्द, हा फोटो, बस. समितीत कोणी विचारलं, "पण तो खरंच तसा आहे का?", तर उत्तर देऊ नका. नियमात त्या प्रश्नाला जागा नाही.

सडेतोड | ११ मार्च, सकाळी ९:१०

पोस्टबॉक्स, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. पोटदुखीचं वाचून आमच्या चाळीतला एक जण आठवला. बाकी माझी मतं आहेत तीच आहेत. पण त्या मुलाला बरं वाटो.

कॉट नंबर ३ | १४ मार्च, रात्री १२:०५

सगळ्यांना वेगवेगळं लिहायला जमलं नाही.

डॉक्टर, सरळ विचारलं. विचारताना माझाच आवाज फाटला. तो बराच वेळ गप्प होता, मग "येतो" म्हणाला. नंतर तासभर बोलला. अख्ख्या महिन्यात बोलला नव्हता एवढं. सकाळी सातलाच डॉक्टरांना फोन केला, त्यांनी लगेच बोलावलं, गोळी बदलली नाही पण झोपेची एक दिली. सात दिवसांऐवजी तीन दिवसांनी बोलावलंय. संध्याकाळी त्यानेच आईला फोन केला. झोप लागत नाही, डॉक्टरला दाखवलंय, एवढंच. त्या दुसऱ्या दिवशी रात्रीच्या गाडीने आल्या. आल्या त्या थेट मेसवाल्या काकूंकडे गेल्या आणि भांडून आल्या, पोळ्या जाड करता म्हणून. दोन दिवस आमच्या खोलीत रिकाम्या कॉटवर झोपल्या. मला म्हणाल्या, "तू होतास म्हणून." पुढे काही बोलल्या नाहीत. त्यांना काय कळलं, किती कळलं, मी विचार करणं सोडून दिलंय.

तक्रार करायची का, त्याला विचारलं. नको म्हणाला. मी स्क्रीनशॉट ठेवलेत.

पोस्टबॉक्स | १४ मार्च, सकाळी ६:५०

ठेव. नको म्हणणाऱ्याला ढकलू नको. आपल्यासारख्यांसाठी काम करणाऱ्या संस्था आहेत. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी समपथिक ट्रस्ट सुरू केला होता, मुंबईत हमसफर ट्रस्ट आहे. तो तयार झाला तर. नाही तर तू एकटा जा. सांभाळणाऱ्यालाही कोणीतरी लागतं, मला तेव्हा हे कोणी सांगितलं नव्हतं.

मोगरा | १४ मार्च, सकाळी ७:३०

जाड पोळ्यांवरून भांडणारी आई म्हणजे अर्धी लढाई जिंकलास.

टोरांटोकर | १५ मार्च, पहाटे ४:२०

डिग्री घ्या आणि निघून या रे दोघं. इथे कोणी ढुंकूनही बघत नाही.

कॉट नंबर ३ | १५ मार्च, रात्री ११:००

टोरांटोकर, आभार. पण त्याला औशात परत जाऊन सोलारचं दुकान टाकायचंय आणि काकड्याला वाजवायचंय. मलाही बार्शी सोडवत नाही. बघू.

कॉट नंबर ३ | १६ एप्रिल, रात्री ८:३०

महिन्याने आलो. धागा वर काढल्याबद्दल माफी.

पाचवा आठवडा संपला. सगळं छान झालंय असं नाही. पहाटे जाग अजून येते, पण साडेतीनची साडेपाच झालीय. एप्रिलच्या पंधरा दिवसांत तीन खाडे, त्यातला एक मेस बंद होती म्हणून. एक पेपर त्याने सोडला, एटीकेटी लागणार. ते त्याच्या डॉक्टरांना सांगितलं तर म्हणाले, लागू दे.

स्टिकर अजून येतो. मागच्या सोमवारी आला तेव्हा वर्गातल्या एका मुलीने खाली लिहिलं, "बास झालं आता, जुना झाला." दोन जणांनी अंगठा दिला. तक्रारीचा अर्ज लिहून तयार आहे, खडू-डस्टर सरांनी व्यनित तपासून दिला. सही करायची की नाही ते तो ठरवेल.

कागदाचं आज केलं. मी विसरलो होतो, त्यानेच विषय काढला. जर्नलचं कोरं पान फाडलं, एका बाजूला ग्राफ असलेलं. आधी स्वतःचं नाव, वय, पत्ता, मग माझं. माझ्या आडनावातला र्‍हस्व-दीर्घ चुकवला, खोडून पुन्हा लिहिलं. मग म्हणाला, "नातं काय लिहू? लिहावं लागतं का?" मी म्हटलं, डॉक्टर म्हणाले नातेवाईकच हवा असं काही नाही, सोडून दे. तो पेन धरून बसला. दुसऱ्या हाताची बोटं कागदाच्या कडेला वाजत होती. अगदी हळू, ताल ओळखू येईना, पण वाजत होती. मी श्वास रोखून बसलो, कारण बघतोय हे कळलं तर थांबेल. मग त्याने 'रूम' लिहिलं, ते खोडलं आणि पुढे 'पार्टनर' लिहून सही केली.

आडनावासकट दोन ठिकाणी खाडाखोड झालीय. चालेल का, की नवीन कागदावर करू? डॉक्टर, जमेल तेव्हा सांगा. त्याची गोळी नऊला असते आणि भात अजून लावायचाय, उठतो.